सदाफुली: कुंडीतल्या रोपाचा इतिहास आणि एक गैरसमज



सदाफुलीबद्दल लिहा, असे बऱ्याच जणींनी सांगितले होते. विचारणाऱ्यांत सरळ दोन गट आहेत. काहींना रोप पावसाळ्यात अचानक का कुजते ते हवे असते. आणि काहींना हवे असते की रोज सकाळी अनशापोटी पाच पाने चावून खाल्ली तर साखर खरेच उतरते का. पहिला प्रश्न बागेचा, दुसरा औषधाचा. पण दोन्हींची उत्तरे एकाच ठिकाणी सापडतात, सदाफुलीच्या इतिहासात. म्हणून आज आधी इतिहास सांगते आणि मग कुंडीकडे वळते. लेख थोडा लांबला आहे. दुपारची कामे आटोपली की निवांत वाचा.

ही आपली नव्हे

सदाफुली इतकी अंगवळणी पडली आहे की ती इथली नाही हे कुणाला सांगून पटत नाही. गावाकडच्या अंगणात, सोसायटीच्या कुंपणाशी, गच्चीवरच्या फुटक्या बादलीत, भिंतीच्या भेगेत, कुठेही ती उगवते आणि फुलते. प्रत्येक भाषेने तिला घरच्या लेकीसारखे नाव दिले आहे. हिंदीत ती सदाबहार आणि सदासुहागन, गुजरातीत बारमासी, बंगालीत नयनतारा, तमिळमध्ये नित्यकल्याणी. तमिळमध्येच तिचे आणखी एक नाव आहे, त्याचा अर्थ होतो स्मशानातला मोगरा. कुणी लावले नाही, पाणी घातले नाही, तरी ती तिथेही फुलते. एकाच रोपाला नित्यकल्याणीही म्हणायचे आणि स्मशानातला मोगराही म्हणायचे, यावरून ती किती ठिकाणी पोचली असेल ते कळते.

तिचे माहेर मात्र मादागास्कर. आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यापासून सुमारे ४०० किलोमीटरवर हिंदी महासागरात असलेले हे मोठे बेट. तिच्या जातकुळीत एकूण आठ प्रकार आहेत. त्यातले सात एकट्या मादागास्करमध्ये आढळतात. आठवा मात्र आपला, भारत आणि श्रीलंकेतला. बारीक पांढऱ्या फुलांचे, वर्षभरात संपणारे ते एक साधे रानरोप आहे, शेताच्या कडेला वाढणारे. म्हणजे सदाफुली आपली नसली तरी तिची एक धाकटी बहीण इथलीच आहे.

तिचे मोठे कुटुंबही आपल्या ओळखीचे आहे. कण्हेर, तगर, चाफा, सप्तपर्णी, रुई ही सगळी एकाच कुळातली. देठ मोडला की चीक येतो, ही या घराण्याची खूण. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. कण्हेरीचे पान कुणी चावत नाही, ते विषारी आहे हे आपल्या आईने आणि आजीने आपल्याला लहानपणीच सांगितलेले असते. सदाफुलीबद्दल तसे सांगणारे कुणी नव्हते, कारण त्या पिढ्यांच्या वैद्यकात ती फारशी नव्हतीच.

राजाच्या बागेतून जगभर

अठराव्या शतकात फ्रेंचांचे मादागास्करला जाणे-येणे होते. तिथून सदाफुलीचे बी पॅरिसला आले आणि फ्रान्सच्या राजाच्या व्हर्सायजवळच्या त्रियानों बागेत रुजवले गेले. त्या बागेच्या माळ्याने थोडे बी लंडनला फिलिप मिलरकडे पाठवले. मिलर चेल्सी इथल्या औषधी वनस्पतींच्या बागेचा प्रमुख होता आणि त्या काळातला नावाजलेला बागकाम-लेखक. १७५७ च्या सुमारास त्याने या रोपाचे चित्र आणि वर्णन छापले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १७५९ मध्ये, लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने तिला ‘व्हिंका रोझिया’ असे नाव दिले. नर्सरीवाले आजही तिला ‘विंका’ म्हणतात, ते या जुन्या नावामुळे.

पुढे एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांच्या लक्षात आले की युरोपातली व्हिंका आणि ही वेगळी आहे. तेव्हा तिला स्वतंत्र नाव मिळाले, ‘कॅथरँथस’. ग्रीक भाषेतल्या दोन शब्दांपासून ते बनले आहे आणि त्याचा अर्थ आहे शुद्ध फूल. वाचून मला फार बरे वाटले.

थंड देशांत ती काचेच्या घरातली नाजूक पाहुणी होती. उष्ण देशांत मात्र जहाजांच्या वाटेने जिथे जिथे गेली तिथे तिथे तिने घर केले. भारत, फिलिपिन्स, दक्षिण आफ्रिका, वेस्ट इंडीजची बेटे, सगळीकडे ती बागेतून बाहेर पडून रस्त्यावर आली. गुरे-शेळ्या तिच्या वाटेला जात नाहीत, कारण पाला कडू आणि विषारी. पाणी कमी लागते. बी भरपूर पडते. अशा रोपाला पसरायला आणखी काय हवे?

यातून एक गोष्ट उघड होते. सदाफुली समुद्रापलीकडून अलीकडच्या काळात आलेली आहे. चरक आणि सुश्रुतांच्या काळी ती आपल्याकडे नव्हती. तेव्हा ‘आपल्या प्राचीन ग्रंथांत सांगितलेला सदाफुलीचा उपाय’ असा निरोप फोनवर आला तर तो पुढे पाठवू नका. तो उपाय चांगला की वाईट हे नंतर पाहू, पण प्राचीन तो नक्कीच नाही.

साखरेच्या शोधात भलतेच सापडले

तरीही ज्या ज्या देशांत ती गेली तिथे तिथे लोकांनी तिच्या पाल्याचा काढा मधुमेहासाठी वापरायला सुरुवात केली, हे खरे. जमैकात, फिलिपिन्समध्ये, आफ्रिकेत आणि आपल्याकडेही. एकमेकांना न ओळखणाऱ्या लोकांचा एकच समज. त्याची तपासणी झाली ती कॅनडात.

१९५२ मध्ये टोरांटोचे डॉक्टर क्लार्क नोबल यांना जमैकातल्या एका डॉक्टरांकडून एक पाकीट आले. त्यात सदाफुलीची पंचवीस पाने होती. तिथले लोक याचा काढा साखरेसाठी पितात, जरा पाहा, असा निरोप. हे पाकीट क्लार्क नोबल यांच्याकडेच का आले? कारण १९२१-२२ मध्ये टोरांटोत इन्सुलिनचा शोध लागला त्या वर्तुळात ते तरुणपणी होते. बँटिंग यांच्याकडे मदतनीस म्हणून दोन विद्यार्थी होते, बेस्ट आणि नोबल. आधी कोणी काम करायचे यासाठी नाणे उडवले आणि बेस्ट जिंकले, असे सांगतात. बेस्ट यांचे नाव जगभर झाले.

क्लार्क यांनी ती पाने आपल्या भावाकडे दिली. रॉबर्ट नोबल ओंटारिओतल्या वेस्टर्न विद्यापीठात संशोधन करत होते. त्यांनी पानांचा अर्क उंदरांना पाजला. साखरेवर काहीच परिणाम दिसला नाही. मग त्यांनी तो सुईने टोचून पाहिला. साखर जिथल्या तिथेच. पण थोड्याच दिवसांत उंदीर जंतुसंसर्गाने मरू लागले.

इथे खरी गोष्ट सुरू होते. साखर उतरली नाही, उंदीरही मेले, प्रयोग फसला असे म्हणून ती पाने फेकून देता आली असती. रॉबर्ट नोबल यांनी विचारले, हे मेले कशाने? तपासले तेव्हा दिसले की उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार कमी झाल्या होत्या. त्या पेशी रोगाशी लढतात, त्या नसल्या की साधा जंतूही जीव घेतो. आणि ज्या पदार्थाने पांढऱ्या पेशी कमी होतात तो त्या पेशींच्या कर्करोगात, म्हणजे ल्युकेमियात, उपयोगी पडू शकेल!

१९५४ मध्ये चार्ल्स बीअर हे रसायनशास्त्रज्ञ त्यांच्याबरोबर आले. पाल्यातल्या असंख्य द्रव्यांतून नेमके ते एक द्रव्य वेगळे करणे हे त्यांचे काम. ते वेगळे झाले, त्याचे आजचे नाव व्हिनब्लास्टिन. १९५८ मध्ये त्यांनी आपला निबंध न्यूयॉर्कमध्ये मांडला. निबंधाच्या नावातच त्यांनी कबूल केले होते की यात योगायोगाने दिसलेल्या गोष्टीचा वाटा आहे. मोठा मान मिळण्याच्या वेळी असे लिहायला मन स्वच्छ लागते.

त्याच सुमारास अमेरिकेत एलाय लिली या कंपनीत गॉर्डन स्वोबोडा आणि त्यांचे सहकारी याच रोपावर काम करत होते. त्यांनीही ते निवडले होते फिलिपिन्समधल्या मधुमेहाच्या लोकोपायामुळे. ल्युकेमिया झालेल्या उंदरांना अर्क दिल्यावर ते जास्त जगले, असे त्यांना दिसले. त्या पाल्यातून पुढे दुसरे द्रव्य हाती आले, व्हिनक्रिस्टिन. १९६३ मध्ये अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली.

औषध करते काय?

आपल्या शरीरातली पेशी एकाची दोन होते तेव्हा आत अगदी बारीक धाग्यांची जुळणी होते. हे धागे पेशीतला वारसा दोन्हीकडे समान ओढून नेतात. व्हिनक्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन हे धागेच तयार होऊ देत नाहीत. मग पेशी दुभंगू शकत नाही आणि मरते. कर्करोगाच्या पेशी भराभर दुभंगतात म्हणून त्यांना याचा फटका जास्त बसतो. पण केसांच्या मुळाशी आणि हाडांच्या मगजातही पेशी भराभर वाढतच असतात. म्हणून केस गळतात, रक्तातल्या पेशी उतरतात. नसांवरही परिणाम होतो, हातापायांना मुंग्या येतात. ज्यांच्या घरात हे आजारपण होऊन गेले आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

१९५० च्या दशकात ल्युकेमिया झालेले मूल बहुतेक वेळा काही महिन्यांत जात असे. पुढे एक नव्हे तर अनेक औषधे एकत्र, ठरलेल्या क्रमाने देण्याची पद्धत बसली आणि चित्र पालटले. व्हिनक्रिस्टिन हा त्या मिश्रणाचा एक खांब. आज सुबत्ता असलेल्या देशांत मुलांच्या या नेहमीच्या ल्युकेमियातून दहापैकी जवळजवळ नऊ मुले बरी होतात. आपल्याकडे परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने, दिल्ली आणि चेन्नईच्या संस्थांसह, १९८० च्या दशकात ‘एमसीपी ८४१’ नावाची उपचारपद्धत सुरू केली. भारतातल्या मुलांसाठी आखलेल्या त्या पद्धतीतही व्हिनक्रिस्टिन होते, आणि तिच्यामुळे बरी होणारी मुले पुष्कळ वाढली. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत सदाफुलीची ही दोन्ही औषधे आहेत.

मग पाने खावीत का?

आता दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर. नाही. खाऊ नयेत.

कारणे एकेक करून सांगते. पहिले म्हणजे, ज्या साखरेसाठी आपण पाने खातो त्या साखरेवर नोबल यांच्या तपासणीत गुण दिसला नाही. नंतर प्राण्यांवर इतर प्रयोग झाले, काहींत थोडाफार परिणाम दिसलाही, पण माणसांसाठी ते मान्य औषध झालेले नाही. दुसरे, पाल्यात एक-दोन नव्हे, शंभराहून जास्त अल्कलॉइड म्हणजे तीव्र गुणाची द्रव्ये आहेत. रोपागणिक, ऋतूगणिक त्यांचे प्रमाण बदलते. पाच पानांत काय किती गेले हे कुणालाच सांगता येणार नाही.

काही जणी म्हणतात, कर्करोगावर चालते ना, मग खाल्ले तर फायदाच. मी वाणिज्य शाखेची, म्हणून हिशेबाने सांगते. या औषधाचा एक ग्रॅम काढायला शेकडो किलो वाळलेला पाला लागतो. आणि रुग्णाला व्हिनक्रिस्टिनची एका वेळची मात्रा साधारण दोन मिलिग्रॅमच्या आत ठेवतात. म्हणजे एका ग्रॅममध्ये पाचशे मात्रा. शरीराचे माप घेऊन, आधी रक्त तपासून, थेट शिरेतून ती देतात. मोजमाप इतके काटेकोर. चार पाने चावून कर्करोग टळेल हे त्यामुळे शक्यच नाही. उलट पानांतल्या बाकीच्या द्रव्यांनी मळमळ, उलट्या, चक्कर येऊ शकते. काढा रोज प्यायला तर रक्तपेशींवर परिणाम होण्याचा धोका आहे. साखरेच्या गोळ्या चालू असतील तर आणखी गुंतागुंत. पोटुशीने तर तिला तोंडही लावू नये.

आपल्या धर्मात श्रद्धेला मोठे स्थान आहे, पण ती परीक्षा करून ठेवलेली श्रद्धा. आचार्य समंतभद्रांनी ‘आप्तमीमांसा’ लिहिली, तिचा विषयच हा की ज्यांना आप्त मानायचे त्यांचीही पारख करावी. भगवंतांची पारख करून मग नमस्कार करा असे शिकवणाऱ्या परंपरेतल्या आपण. फोनवर आलेल्या काढ्याची पारख करायला नको?

दोन गोष्टी मनाला लागतात

हा इतिहास वाचताना दोन ठिकाणी मी थांबले.

एक म्हणजे उंदीर. या औषधाच्या मुळाशी पंचेंद्रिय जिवांचे मरण आहे. जैन बाईने हे वाचून सोडून देऊ नये, निदान जाणून असावे. त्या प्रयोगांचे समर्थन मी करणार नाही. आणि ज्या घरात पाच वर्षांचे मूल सलाइन लावून पडले आहे, त्या आईला ‘हे औषध नको’ असेही मी म्हणू शकणार नाही. गृहस्थाच्या आयुष्यात हिंसा पूर्ण टळत नाही, म्हणून तर आपल्याला अणुव्रते सांगितली आहेत आणि महाव्रते साधूंना. पण जे औषध इतक्या जिवांच्या किमतीला मिळाले ते वाया जाऊ नये, अर्धवट सोडले जाऊ नये, एवढे तर आपण म्हणू शकतो.

दुसरी गोष्ट अचौर्याची. रोप मादागास्करचे, लोकज्ञान जमैका आणि फिलिपिन्सचे, नफा दुसऱ्याच देशातल्या कंपनीचा. कायद्याच्या दृष्टीने तेव्हा यात काही चूक नव्हती, कारण तसा कायदाच नव्हता. शिवाय हक्क नेमका कुणाचा हेही सोपे नाही, रोप तर दोनशे वर्षांपूर्वीच जगभर झालेले. तरी सदाफुलीचे उदाहरण पुढे वारंवार दिले गेले. १९९२ मध्ये रिओ इथे जैवविविधतेचा करार झाला, आणि आपल्याकडे २००२ मध्ये जैवविविधता कायदा आला. ज्या भूमीतून आणि ज्यांच्या ज्ञानातून लाभ झाला त्यांना वाटा मिळावा, हे तत्त्व आता लिहिलेले आहे. चोरी म्हणजे कुलूप तोडणे एवढेच नव्हे, हे आपल्या आचार्यांनी अचौर्याच्या अतिचारांत पूर्वीच सांगून ठेवले होते.

आपल्या शेतकऱ्यांनाही या रोपाने काम दिले आहे. तमिळनाडू आणि इतर राज्यांत औषधासाठी सदाफुलीची शेती होते. पाला कर्करोगाच्या औषधासाठी आणि मुळे अजमलिसिन या रक्ताभिसरणाच्या औषधासाठी जातात. लखनौच्या सीमॅप या सरकारी संस्थेने शेतीसाठी पांढऱ्या फुलांचे वाण काढले, त्यांची नावे ‘निर्मल’ आणि ‘धवल’. ग्रीक नावातले शुद्ध फूल असे आपल्या भाषेतही आले.

आता कुंडीकडे

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आता सोपे आहे. सदाफुली कोरड्या, वाळूच्या, उन्हाच्या जागेत वाढलेली. तिला तहान सोसते, ओले पाय सोसत नाहीत. पावसाळ्यात रोप खालून काळे पडून माना टाकते ते मुळाशी पाणी साचून बुरशी लागते म्हणून.

त्यात पुन्हा देशी आणि नवी असा फरक आहे. आपली जुनी गुलाबी किंवा पांढरी सदाफुली दोन-तीन फूट वाढते, थोडी विस्कटलेली दिसते, पण चिवट असते. नर्सरीत मिळणारी बुटकी, भरगच्च, लाल-जांभळ्या मोठ्या फुलांची विंका ही अलीकडची. अमेरिकेत कनेक्टिकट विद्यापीठात रोनाल्ड पार्कर यांनी मादागास्करमधल्या दुसऱ्या जातींशी संकर करून नवे रंग आणले, आणि १९९१ मध्ये त्यांच्या तीन वाणांना तिथला मोठा पुरस्कार मिळाला. तिथून पुढे रंगांची रांगच लागली. ही रोपे देखणी, फूटभर उंचीत मावणारी, बाल्कनीला सोयीची. पण आपल्या मुसळधार पावसात देशीपेक्षा लवकर कुजतात.

म्हणून एवढे करा.

कुंडीला खाली मोठे भोक हवे. माती, वाळू आणि शेणखत समान घेतले तरी चालते. खत फार नको, खताने पाला माजतो आणि फूल कमी येते.

ऊन निदान पाच-सहा तास. सावलीत रोप उंच आणि किडकिडीत होते.

वरची माती बोटाला कोरडी लागली की मगच पाणी, आणि तेही बुडाशी. पानांवर शिंपडू नका. पावसाळ्यात कुंडी वळचणीखाली किंवा खिडकीच्या छज्ज्याखाली सरकवा आणि खालची ताटली काढून टाका.

बी हवे असेल तर फुलानंतर येणाऱ्या जोडशेंगा पिवळसर झाल्या की काढा, नाहीतर उकलून काळे बी उडून जाते. ते मातीने नीट झाका, अंधारात चांगले रुजते. नव्या संकरित रोपाच्या बियांतून तोच रंग येईल असे नाही. तोच हवा तर कोवळ्या फांदीचे कलम लावा.

रोप दोन-तीन वर्षांनी बुडाशी लाकडासारखे होते आणि फुले विरळ येतात. तोपर्यंत शेजारी नवे रोप तयार ठेवा.

फुले हिरवी होऊन पानांसारखी दिसू लागली तर तो नवा वाण नव्हे, रोग आहे. तुडतुडे तो एका रोपावरून दुसऱ्यावर नेतात. त्यावर घरगुती इलाज नाही. रोप काढावे लागते, नाहीतर बाकीची जातात.

कमीत कमी हिंसेची बाग

बागकाम जैन बाईने करावे का, असेही मला विचारतात. माती उकरणे, पाणी घालणे, फांदी तोडणे, सगळ्यातच एकेंद्रिय जीव आहेत, आणि मातीत त्रस जीवही. ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यातल्या प्रमादचर्येत विनाकारण जमीन खणणे, पाणी सांडणे, झाडे तोडणे हेच येते. यातला ‘विनाकारण’ हा शब्द महत्त्वाचा. गृहस्थाला आरंभ सुटत नाही, पण वायफळ आरंभ सोडता येतो.

या दृष्टीने सदाफुली मला सोयीची वाटते. तिची सुकलेली फुले आपोआप गळतात, गुलाबासारखी रोज कात्री चालवावी लागत नाही. पाणी थोडे लागते. पाला कडू असल्याने कीड कमी, फवारण्याची वेळ सहसा येत नाही. पिठ्या ढेकूण दिसलाच तर ती फांदी कुंडीपासून दूर, झाडीत नेऊन ठेवते. कुंडीची माती चातुर्मासात उकरत नाही. रोपे बदलायची ती आषाढापूर्वी, आणि माती आधी पसरून त्यातले गांडूळ, मुंग्या बाजूला होऊ देऊन. गळलेली फुले बुडाशीच राहू देते, त्यांचे खत होते.

पूजेला चालते का, हा प्रश्न ज्या त्या मंदिराच्या आम्नायाचा. कुठे ताजी फुले वाहतात, कुठे केशरात रंगवलेल्या तांदळालाच पुष्प मानतात. आपल्या मंदिरात जी रीत असेल ती पाळावी, त्यावरून वाद घालू नये. माझ्या घरी फुले रोपावरच राहतात.

लहान मुले असतील त्या घरी कुंडी उंचावर ठेवा आणि त्यांना सांगून ठेवा की हे तोंडात घालायचे नाही. फांदी तोडल्यावर हात धुवा.

शेवटी एक विनंती. दशलक्षण पर्वात आठव्या दिवशी आपण उत्तम त्याग धर्माची पूजा करतो आणि आहार, औषध, ज्ञान व अभय ही चार दाने म्हणतो. आहारदान आपल्याकडून सहज होते. औषधदान बऱ्याचदा पूजेच्या पुस्तकातच राहते. आपल्या देशात ल्युकेमियाची कितीतरी मुले औषध नाही म्हणून नव्हे, तर दोन-अडीच वर्षे चालणाऱ्या उपचारांचा, जाण्या-येण्याचा, शहरात राहण्याचा खर्च झेपत नाही म्हणून मध्येच उपचार सोडतात. मोठ्या सरकारी आणि धर्मादाय रुग्णालयांत समाजसेवा विभाग असतो. तिथे जाऊन विचारले तर एखाद्या मुलाच्या औषधाचा किंवा त्याच्या आईच्या राहण्याचा खर्च उचलता येतो. पावतीही मिळते. आपल्या महिला मंडळाने यंदा पर्वाच्या वर्गणीतला एक वाटा यासाठी काढायचे ठरवले आहे. तुमच्या मंडळातही विषय काढून पाहा.

सर्वांना जय जिनेंद्र.